पाषाणखोऱ्याचे पाळक ओबर्लिन व त्यांची मुले

खेड्यातील मंडळीत सेवा करणाऱ्या उपदेशकापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. ज्या मुलांना तो शास्त्रपाठ शिकवितो त्यांपैकी काही उपाशी पोटी येऊन बसलेली असतात. अशा मुलांना प्रथम वचन द्यावे की भाकर द्यावी? अठराव्या शतकात फ्रान्स देशातील एका डोंगरी खोऱ्यात एका पाळकाला हाच प्रश्न पडला होता. त्याने वचन व भाकर यांची फारकत होऊ दिली नाही, आणि मुलांच्या एका हातात पुस्तक दिले तर दुसऱ्या हातात रोप दिले. योहान फ्रेडरिक ओबर्लिन असे त्या पाळकाचे नाव. त्यांच्या चरित्रातील इतर गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. मुलांना माती, झाडे व अन्न यांची ओळख त्यांनी कशी करून दिली हे आज वाचकांपुढे ठेवावे असा आमचा हेतू आहे.

ओबर्लिन यांचा जन्म ता. 31 ऑगस्ट 1740 रोजी अल्सास प्रांतातील स्ट्रासबुर्ग शहरी झाला. त्यांचे वडील तेथील विद्यालयात शिक्षक होते. घरात मुले पुष्कळ व मिळकत बेताची, यामुळे काटकसर व परिश्रम यांचा धडा त्यांना लहानपणीच मिळाला. पुढे त्यांनी स्ट्रासबुर्ग येथील विद्यापीठात ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला. त्याच काळात त्यांनी एका नामांकित शस्त्रवैद्याच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून काही वर्षे काढली. त्या घरी औषधोपचाराचे जे ज्ञान त्यांच्या कानी व डोळ्यांवर पडले ते पुढे त्यांना फार उपयोगी पडले.

स्ट्रासबुर्गच्या नैर्ऋत्येस व्होज नावाच्या डोंगरांत एक खोरे आहे. फ्रेंच भाषेत त्यास बान द ला रोश म्हणतात. जर्मन भाषेतील नावाचा अर्थ दगडाचे खोरे असा होतो, आणि नावाप्रमाणेच ती भूमी होती. वाल्डरस्बाख, फुदे, बेलमों, बेलफोस व सोल्बाख ही तेथील मुख्य गावे. माथ्यावरचा डोंगर सुमारे 3,600 फूट उंच, माती पातळ व खडकाळ, आणि हिवाळा लांबलचक. खोऱ्यातून बाहेर पडण्यास धड रस्ता नव्हता. नदीला पाणी आले म्हणजे गावे जगापासून तुटत. दुष्काळाच्या वर्षी लोक रानातील आंबट सफरचंदे व नासपाती खाऊन दिवस काढीत. लोक लुथरन मंडळीचे होते, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्याने त्यांची उमेद खचली होती.

ओबर्लिन यांच्या पूर्वी तेथे स्टूबर नावाचे पाळक होते. ते 1750 साली प्रथम त्या खोऱ्यात आले तेव्हाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी शाळा पाहण्याची इच्छा दर्शविली असता लोकांनी त्यांना एका झोपडीत नेले. तेथे मुलांचा गलबला चालला होता व कोपऱ्यात एक म्हातारा बिछान्यावर पडला होता. तोच शिक्षक. मुलांना काय शिकवितोस असे विचारता, आपल्याला काहीच येत नाही म्हणून काही शिकवीत नाही, असे त्याने सरळ सांगितले. तो पूर्वी गावची डुकरे राखीत असे. म्हातारपणामुळे ते काम होईना तेव्हा गावाने त्याला मुले राखण्यास बसविले होते. स्टूबर यांनी मोठ्या कष्टाने ही स्थिती सुधारली, मुलांना वाचावयास शिकविले, व गावात पुस्तके फिरती ठेवली. आपल्यामागे हे काम कोण चालवील या काळजीने ते स्ट्रासबुर्ग येथे ओबर्लिन यांच्याकडे गेले. लष्करातील पाळकाची जागा ओबर्लिन यांना मिळण्याजोगी होती. तथापि त्यांनी दगडाचे खोरे पत्करले, आणि ता. 30 मार्च 1767 रोजी, वयाच्या 26 व्या वर्षी, ते वाल्डरस्बाख येथे येऊन राहिले.

आरंभी त्यांचे स्वागत झाले असे म्हणता येत नाही. शहरातून आलेला हा तरुण आपल्याला नव्या रीती शिकविणार, ही गोष्ट लोकांना रुचली नाही. काही जणांनी त्यांना वाटेत गाठून मारण्याचा बेत केला असेही सांगतात. ओबर्लिन यांना ते कळले तेव्हा ते स्वतःच त्या लोकांच्या घरी गेले व आपण येथे आलो आहोत, काय करावयाचे ते करा, असे त्यांनी सांगितले. ते ऐकून त्या लोकांना लाज वाटली व पुढे तेच त्यांचे साहाय्यक झाले. रस्त्याच्या कामाचेही असेच झाले. हमरस्त्यापर्यंत वाट करू या असे पाळकांनी सुचविताच लोकांनी शेकडो अडचणी पुढे केल्या. तेव्हा पाळक स्वतः कुदळ खांद्यावर टाकून निघाले. त्यांच्यामागून एक, मग दुसरा, असे करता करता गाव निघाले. खडक फोडले गेले, बांध घातले गेले, ब्रूश नदीवर पूलही झाला.

शेतीच्या बाबतीत मात्र कुदळ दाखवूनही भागेना. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, आमचे बापजादे या जमिनीत राबले. शहरातल्या पंडिताला तिची काय माहिती? ओबर्लिन यांनी वाद घातला नाही. पाळकाच्या घराच्या वतनात दोन जागा होत्या व त्यांतून लोकांची नेहमीची पायवाट जात असे. त्या जागांत त्यांनी आपल्या गड्याला बरोबर घेऊन चार-पाच फूट खोल चर खणले, चांगली माती व खत आणून घातले, आणि सफरचंद, नासपाती, आलुबुखार, चेरी व अक्रोड यांची रोपे लावली. जाणारे-येणारे पाहत व मान हलवीत पुढे जात. काही वर्षांनी त्याच पायवाटेवर लोक थांबू लागले. आपली झाडे खुरटलेली असता पाळकांची झाडे अशी कशी बहरली, हे त्यांना कळेना. अखेर ते विचारावयास आले. ओबर्लिन यांनी वाढ देणारा देव आहे हे प्रथम सांगितले, आणि मग चर कसा खणावा व कलम कसे बांधावे हे करून दाखविले. लवकरच घरोघरच्या उजाड आवारांत फळझाडे दिसू लागली.

परंतु प्रौढ मनुष्याचे मन वळविण्यास वर्षे लागतात. मुलाचे मन ओल्या मातीसारखे असते, हे ओबर्लिन यांनी ओळखले. मोठी माणसे शेतावर गेली म्हणजे लहान मुले दिवसभर बेवारशी हिंडत. बेलमों गावी सारा बान्झे नावाची एक तरुणी अशा मुलांना आपल्या घरी जमवून विणकाम शिकवू लागली होती. तिच्या वडिलांना हे पसंत नव्हते. ओबर्लिन यांनी त्यांच्याशी रीतसर करार करून 1769 साली तिला या कामावर नेमले. याप्रमाणे ज्या शाळा निघाल्या त्यांत अगदी तान्ही पोरे सोडली तर सर्व लहान मुले येत. जर्मनीत फ्रोबेल यांनी आपली प्रसिद्ध बालशाळा 1837 साली उघडली; तिच्या जवळजवळ 70 वर्षे आधी या गरीब खोऱ्यात बालशाळा चालू झाल्या होत्या. सारा 1774 साली तरुण वयातच वारली, पण तिने घातलेला पाया ढळला नाही. ओबर्लिन यांच्या पत्नी मादलेन सालोमे यांनी अशा शिक्षिका तयार करण्यास पुष्कळ साहाय्य केले.

या शाळांची रीत पाहण्याजोगी होती. अगदी लहान मुले खेळत; पाच-सहा वर्षांची मुले सूत काढीत व विणीत; आणि हात चालत असता शिक्षिका त्यांना पवित्र शास्त्रातील चित्रे, तसेच पशुपक्षी व वनस्पती यांची रंगीत चित्रे दाखवून गोष्टी सांगे. त्या मुलांची घरची बोली ही फ्रेंचचीच एक ग्रामीण बोली होती. ओबर्लिन यांचे भाऊ विद्वान होते व त्यांनी 1775 साली त्या बोलीविषयी एक ग्रंथही प्रसिद्ध केला. मुलाने घरच्या नावाने झाड ओळखले की त्याचे फ्रेंच नाव त्याला सांगण्यात येई. अशा रीतीने भाषा व वनस्पती यांचे शिक्षण एकदमच होई. मुलांनी आधी आपले गाव, मग आपले खोरे, मग आपला प्रांत व नंतर जग ओळखावे, असा क्रम होता. यासाठी खोऱ्याचे नकाशे तयार केलेले होते.

हिवाळ्यात बर्फामुळे दारे बंद असत, तेव्हा वनस्पतींचा पाठ घरात होई. बर्फ वितळून रान हिरवे झाले की शिक्षिका मुलांना घेऊन बाहेर पडे. हिवाळ्यात ज्यांची नावे ऐकली त्या वनस्पती आता स्वतः शोधून काढावयाच्या. सापडलेली वनस्पती मुळासकट आणून आईबापांनी दिलेल्या लहानशा वाफ्यात लावावयाची, आणि तिचे पान व फूल पाहून चित्र काढावयाचे व रंगवावयाचे. प्रत्येक मुलाचा आपला वाफा असे. त्यातील रोप सुकले तर दोष कोणाचा हे त्याला कोणी सांगावे लागत नसे.

हा नुसता मनोरंजनाचा खेळ नव्हता. कोणती पाने व कंद खाण्याजोगे आहेत, कोणते औषधी आहेत, व कोणते विषारी आहेत, हे मुलांना त्यात शिकविले जाई. त्या डोंगरांत डिजिटॅलिस नावाची वनस्पती उगवते. तिची जांभळी फुले घंटेसारखी लोंबतात व मुलांचे मन वेधून घेतात. वैद्य तिचा उपयोग हृदयाच्या औषधासाठी करतात, पण तिचे पान खाणाऱ्याच्या जिवावर बेतते. उपाशी मूल हाती लागेल ते तोंडात घालते, म्हणून ओळख ही तेथे प्राणरक्षणाची गोष्ट होती. 1770 साली व त्यापुढील दोन वर्षे युरोपात धान्याची मोठी टंचाई पडली. तिची झळ या खोऱ्यालाही बसली. अशा वर्षी रानातील कोणत्या पाल्यावर निर्वाह करता येईल हे जाणणारे माणूस घरात असणे म्हणजे काय, हे दुष्काळ पाहिलेल्या कुटुंबास सांगण्याची गरज नाही. पुष्कळ घरी ते जाणणारे माणूस म्हणजे शाळेत जाणारे मूल होते.

खताच्या कामातही मुलांचे हात लागले. खोऱ्यात गुरे थोडी, त्यामुळे शेणखत थोडे. ओबर्लिन यांनी लोकांना सांगितले की, जे कुजते ते काहीही वाया घालवू नये. झाडांची पाने, काड्या, देवदारासारख्या वृक्षांची बोंडे, एवढेच काय, लोकरीच्या चिंध्या व जुने जोडेसुद्धा खताच्या खड्ड्यात जाऊ लागले. चिंध्या व जोडे यांचे बारीक तुकडे करणाऱ्या मुलांना पाळक लहानशी नाणी देत. घाणीचे अन्न कसे होते हे त्या मुलांनी आपल्या हाताने पाहिले. बटाट्याचे पीक त्या खोऱ्यात पूर्वीपासून होते, पण तेच ते बियाणे वापरून ते क्षीण झाले होते. ओबर्लिन यांनी बाहेरून नवे बियाणे आणविले. त्यामुळे पीक सुधारले, व पुढे बटाटे स्ट्रासबुर्गच्या बाजारात विक्रीस जाऊ लागले. जवसाची व चाऱ्याची लागवडही त्यांनी वाढविली.

आता ज्या गोष्टीमुळे ओबर्लिन यांचे नाव पुष्कळ देशांत घेतले जाते ती सांगतो. त्यांच्या मंडळीत मुले मोठी झाली म्हणजे दृढीकरणाचा विधी होई व त्यांना प्रभुभोजनास घेण्यात येई. त्यासाठी इतर ठिकाणी प्रश्नोत्तरावली पाठ असणे पुरे होते. ओबर्लिन यांनी आणखी एक गोष्ट मागितली. नेमून दिलेल्या जागी आपण दोन झाडे लावली आहेत, असा आईबापांचा दाखला मुलाने आणावा. श्रद्धेची कबुली देऊ पाहणाऱ्या मुलाने आपल्यामागून येणाऱ्यांसाठी काही लावलेले असावे, असे त्यांचे मत होते. झाडाला फळ येईपर्यंत जी वर्षे जातात ती विश्वासाने थांबण्याची वर्षे असतात. ज्या वाटा उघड्या व उन्हाच्या होत्या त्यांच्या कडेला अशा रीतीने मुलांच्या हातची झाडे उभी राहिली.

मादलेन सालोमे यांचे निधन ओबर्लिन यांच्या सेवेच्या ऐन भरात झाले व लहान मुले मागे राहिली. तेव्हा लुईझ शेपलर या मुलीने घर सांभाळले. ती बेलफोस गावच्या गरीब घराण्यातील, 1763 साली जन्मलेली. पंधरा-सोळा वर्षांची असता ती पाळकाच्या घरी कामास आली होती. ती चांगली शिक्षिका झाली. हिवाळ्यात बर्फ तुडवीत ती गावोगाव जाऊन मुलांना शिकवी. पुढे तिने पगार घेणे सोडून दिले व त्या घरची मुलगी म्हणून राहण्याची परवानगी मागितली. 1829 साली फ्रेंच अकादमीने सदाचरणासाठी असलेले 5,000 फ्रँकचे पारितोषिक तिला दिले. ते धन तिने सत्कृत्यांत लावले. 1837 साली ती वारली. गावच्या साध्या मुलींच्या हातून केवढे काम होऊ शकते याची सारा व लुईझ या दोघी साक्षी आहेत.

आपल्या भूमीतील अन्नावर संतोष मानावा, ही शिकवण ओबर्लिन यांनी आपल्या घरातही पाळली. त्या काळी साखर व कॉफी हे जिन्नस समुद्रापलीकडील बेटांत गुलामांच्या श्रमाने पिकत. त्या श्रमांत माणसांचे रक्त आहे हे कळल्यावर त्यांनी आपल्या पानातून ते वर्ज्य केले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. यावरून, आपले अन्न कोठून आले व कोणाच्या घामाने आले, हे विचारण्याची सवय त्यांना होती असे दिसते.

त्यांच्यावर संकटेही आली. फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या काळात सार्वजनिक उपासना बंद झाल्या, व 1794 साली त्यांना पकडून सेलेस्ता या शहरी नेण्यात आले. पॅरिसमधील सत्ता पालटल्यामुळे ते लवकरच सुटले व आपल्या खोऱ्यात परत आले. नंतर 1816 साल उगवले. आदल्या वर्षी पूर्वेकडील समुद्रात तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला होता. त्याची राख आकाशात पसरून त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही. पिके थंडीपावसाने सडली, व पुढील वर्षीही ठिकठिकाणी उपासमार झाली. दगडाच्या खोऱ्यालाही याचे दुःख भोगावे लागले. परंतु जे लोक पूर्वी रानफळांवर दिवस काढीत त्यांच्यापाशी आता बटाटे होते, फळझाडे होती, हातांत कसब होते, आणि फुदे येथे नुकताच बाहेरून आलेला फीत विणण्याचा धंदाही होता. पन्नास वर्षांपूर्वी वाफ्यात रोप लावणारी मुले आता घरोघरची कर्ती माणसे झाली होती.

1818 साली फ्रान्सच्या राजकीय कृषिसंस्थेने ओबर्लिन यांना सुवर्णपदक दिले, व 1819 साली राजाने त्यांना मानाचे चिन्ह पाठविले. पुस्तकी पंडिताला शेतीतले काय कळते असे म्हणणारे शेतकरी एव्हाना हयात असते, तर त्यांनाही आनंदच झाला असता. ता. 1 जून 1826 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी, आणि त्या एकाच खोऱ्यातील 59 वर्षांच्या सेवेनंतर, हा वृद्ध पाळक प्रभूजवळ गेला. वाल्डरस्बाखहून फुदेच्या दफनभूमीकडे प्रेतयात्रा निघाली तेव्हा पुढची माणसे फुदेला पोहोचली तरी शेवटची माणसे घराच्या अंगणातून निघावयाची होती, असे सांगतात. शेजारच्या गावचे रोमन कॅथोलिक लोकही त्यांत होते. त्यांच्या कबरेवर लोखंडी क्रूस आहे. जिवंतपणी लोक त्यांना ज्या नावाने हाक मारीत ते पापा ओबर्लिन हेच नाव त्यावर आहे. अमेरिकेतील ओहायो प्रांतात 1833 साली स्थापन झालेल्या एका महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले. वाल्डरस्बाख येथील त्यांच्या घरी आता संग्रहालय आहे. त्यांनी जमविलेल्या वाळलेल्या वनस्पती व मुलांसाठी केलेली शिक्षणाची साधने तेथे जपून ठेवली आहेत.

उपदेशक बंधुभगिनींनो, या चरित्रातील पुष्कळ गोष्टी आपल्या शक्तीबाहेरच्या वाटतील. पूल बांधणे सर्वांना साधत नाही. परंतु मुलांना रानात नेऊन झाडांची नावे विचारणे, प्रत्येकाला हातभर जागेचा वाफा देणे, उकिरड्यातील पाला खड्ड्यात टाकून खत करणे, यांस पैसा लागत नाही. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, तांदुळजा कोठे उगवतो हे गावातील म्हाताऱ्या बायांना ठाऊक आहे. त्यांना शाळेत बोलावून मुलांपुढे मान द्यावा, आणि जाणत्या माणसाने ओळखून दिल्याशिवाय कोणतेही पान तोंडात घालू नये हाही नियम त्यांच्याच तोंडून मुलांना शिकवावा. मंडळीत घेण्यासाठी या वर्षी जी मुले तयार होत आहेत त्यांना, पाठ म्हणून झाला म्हणजे, दोन रोपे लावण्यास सांगावे, आणि उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी कोण घालतो हे पाळकाने स्वतः जाऊन पाहावे.